समभाग कशाचा?

पनवेलचें नांव निघालें कीं आयुर्वेदाच्या अभ्यासकांस तेथील धूतपापेश्वर औषधशाळेचें स्मरण होतें. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं इ. स. १८७२ सालीं तिचा पाया घातला. पाऱ्याचीं औषधें हें या विद्येचें एक मुख्य अंग होय. पारा व गंधक खलांत घोटले म्हणजे काळी कज्जली होते. ती कांचेच्या कुपींत भरून वाळूंत तापविली म्हणजे कुपीच्या गळ्याशीं तांबडा रससिंदूर जमतो. समगुण कज्जलीस दोन्ही द्रव्यें समभाग घ्यावीं, असा शास्त्राचा दंडक आहे. हा समभाग कशाचा, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतों.

तराजूच्या दृष्टीनें तो वजनाचा. परंतु पाऱ्याचा अणुभार २००.५९ व गंधकाचा सुमारें ३२.०६ आहे, म्हणजे पाऱ्याच्या एका अणूस गंधकाचे सहाहून अधिक अणू तोलतात. अणू एकेक मोजणें अशक्य, म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्यांचे गठ्ठे मोजतात. एका गठ्ठ्यांत ६.०२२ ला दहाच्या तेविसाव्या घातानें गुणून येईल इतके कण असतात. त्यास मोल म्हणतात. मराठींत मोल म्हणजे किंमत. येथें मात्र ती केवळ गणना आहे. १०० ग्रॅम पाऱ्यांत अर्धा मोल अणू भरतात, तर १०० ग्रॅम गंधकांत ३.१२ मोल.

रससिंदूर शुद्ध असेल तर त्यांत पाऱ्याच्या एका अणूशीं गंधकाचा एकच अणू असतो. त्याचा सूत्रभार २३२.६५. संयुगाच्या वजनास सूत्रभारानें भागावें म्हणजे संयुगाचे मोल येतात. त्यांस सूत्रांतील त्या मूलद्रव्याच्या अणुसंख्येनें गुणावें म्हणजे मूलद्रव्याचे मोल येतात. १०० ग्रॅम रससिंदुरांत ०.४३ मोल पारा, म्हणजे सुमारें ८६ ग्रॅम; बाकीचा गंधक. तेव्हां १०० ग्रॅम पाऱ्यास १६ ग्रॅम गंधक पुरे. समभागांतील उरलेला भट्टींत उडून जातो.

आज शाळेंतला मुलगा करतो तें हें गणित एके काळीं मोठमोठ्या पंडितांस सुटत नव्हतें. पाऱ्याचा अणुभार कोणी १०० धरी, कोणी २००. शंभर धरला तर त्याच हिंगुळांत एका गंधकाशीं पाऱ्याचे दोन अणू मानावे लागत. वजन तेंच, संख्या दुप्पट! अॅव्होगॅड्रोनें १८११ सालीं सुचविलेला मार्ग जवळजवळ पन्नास वर्षें पडून राहिला. कानिझारो या इटालियन अध्यापकानें १८५८ सालीं वाफांचें घनत्व व धातूंची विशिष्ट उष्णता यांच्या साह्यानें पाऱ्याचा भार २०० ठरविला, आणि १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेनंतर तें मत रूढ झालें. पनवेलची औषधशाळा निघाली ती यानंतर अवघ्या १२ वर्षांनीं.

ही संख्या म्हणजे पंडितांचा खेळ नव्हे. क्लोरीनचे अणू पाऱ्याच्या अणूंइतकेच असले तर कॅलोमेल होतें, जें युरोपांतील डॉक्टर पूर्वीं रेचक म्हणून सर्रास देत. ते दुप्पट झाले तर जलाल विष होतें. मूलद्रव्यें तींच, फरक केवळ मोजणीचा.

यावरून जुन्या वैद्यांस हंसणें आम्हांस रुचत नाहीं. कज्जलींत पाऱ्याची चमक राहूं नये, ही त्यांची कसोटी होती; मोकळा पारा राहूं न देण्यास जास्तीचा गंधक उपयोगीच पडे. परंतु त्यांस सर्व ठाऊक होतें, असेंही आम्ही म्हणणार नाहीं. डोळ्यांस पाऱ्याची चमक दिसते. किती पारा संयुगांत शिरला, हें गणितावांचून समजत नाहीं. आणि तो किती शिरला हें समजलें, तरी तो रोग्यास सोसेल कीं नाहीं, हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्याचें उत्तर तराजूही देत नाहीं व मोलही देत नाहीं. तें रोग्यावरील परीक्षणानेंच मिळवावें लागतें.