वाटणी झाली, आड एकच राहिला

श्रोतेहो, जुन्या वाड्यात भावाभावांची वाटणी झाली म्हणजे काय होते? मध्ये भिंत येते, एका चुलीच्या दोन होतात. परसातला आड मात्र एकच राहतो. मग पाण्याला कोणी, कोणत्या दाराने यायचे, हे ठरवावे लागते. संगणकाच्या इतिहासात अशीच एक वाटणी झाली. तिची हकीकत आज ऐकावी.

२१ जून १९८८ रोजी आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने एएस/४०० हा मध्यम आकाराचा संगणक जाहीर केला. मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे तो घडला. कारखानदार, व्यापारी, बँका यांच्यासाठी हे यंत्र होते. माहितीची कोठी, म्हणजे डेटाबेस, त्याच्या ओएस/४०० या कार्यप्रणालीतच बांधलेली होती. ती वेगळी आणून बसवावी लागत नसे. ग्राहकांची खाती, मालाचा साठा, कामगारांचे पगार, सारे वर्षानुवर्षे तेथे साठत गेले.

इकडे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, अशी मोकळीक होती. इंटरनेट वाढले, तशी तेथे दुकान मांडायला लिनक्स सोयीची वाटू लागली. पण हिशेब तर जुन्या यंत्रात! मग काय करायचे? हिशेबाची नक्कल करून दुसऱ्या यंत्रात ठेवायची? नक्कल आली की तफावत आली. सातबाराचा जुना उतारा हाती असला, तर नंतरचा फेरफार त्यात दिसतो काय? तसेच हे. शेवटचे पोते सकाळीच विकले जाते, आणि नकलेत ते संध्याकाळपर्यंत शिल्लकच असते.

यावर तोड निघाली ती वाटणीची. १९९९ साली एएस/४०० मध्ये तार्किक विभागणी आली. एकाच यंत्रातील प्रोसेसर आणि स्मृती वाटून वेगवेगळी बिऱ्हाडे करता येऊ लागली. २००० साली यंत्राचे नाव आयसीरीज झाले, आणि २००१ साली अशा एका बिऱ्हाडात लिनक्स राहायला आली. त्याच वेळी एका प्रोसेसरचा अंशही वाटून देण्याची सोय झाली.

आता आडाकडे वळू. लिनक्समधील कार्यक्रम एस.क्यू.एल. भाषेत प्रश्न विचारतो. ओ.डी.बी.सी. नावाचा दुवा तो प्रश्न पलीकडे पोचवतो. तेथे ओएस/४०० नाव आणि परवलीचा शब्द तपासते, अधिकार पाहते, आणि मगच उत्तर देते. दोन बिऱ्हाडांमध्ये खरी तारही लागत नाही. यंत्राच्या स्मृतीतूनच निरोप जातो. हिशेब एकच, म्हणून उत्तरही त्या क्षणाचे.

मात्र एक ध्यानात ठेवावे. लिनक्स बिघडली, तरी भिंतीपलीकडचे काम चालू राहते. पण पुष्कळ ठिकाणी लिनक्सची डिस्कही ओएस/४०० कडूनच उसनी घेतलेली असे. तेथे यजमान थांबला, की पाहुणाही थांबे.

२००८ साली ही यंत्रे पॉवर सिस्टीम्स या घराण्यात सामील झाली, आणि तेथेही एकाच यंत्रात असे शेजार नांदतात. शिक्षकबंधूंनी मुलांना एवढे अवश्य सांगावे: नवे आले म्हणून जुने दप्तर फेकावे लागले नाही, आणि त्याच्या दोन प्रतीही कराव्या लागल्या नाहीत. दार ठेवले, आणि दाराशी राखणदार ठेवला, तेवढ्यावर भागले.