सात वाजताचा भोंगा आणि आमचा वेताळ

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचा भोंगा आता जगाला माहीत झालाय. ऑगस्ट २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, पोरं वही-पुस्तक घेऊन बसतात. साडेआठला दुसरा भोंगा झाला की मोकळीक. परदेशी पत्रकारसुद्धा बघून गेले. तेव्हापासून आपल्या सातारा-सांगलीच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय की टीव्हीनं पिढी बिघडवली, पूर्वी पोरं गुणी होती वगैरे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं टीव्हीच्या मालिका आणि कॉमिक्सवर जीव लावलेला माझ्यासारखा माणूस म्हटल्यावर ओळखीचे लोक हमखास डिवचतात, "काय, आता तुमच्या शक्तिमानचं काय?"

तर सांगतो. भोंगा मला मान्य आहे. ते "पूर्वी"चं जे काय सांगतात, ते मान्य नाही.

"पूर्वी" म्हणजे नक्की कधी? ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो ते तिथनं. पण त्या नाटकांत लोक काय बघायला जायचे? राळेचा भपकारा उडायचा, तलवारी परजत राक्षसपार्टी आरोळ्या ठोकत घुसायची, पुढची पोरं घाबरून आईच्या पदरात शिरायची आणि मग देव येऊन सगळ्यांना लोळवायचा. सुपरहिरोचा खेळ यापेक्षा वेगळा काय असतो? सुपरमॅन अमेरिकेत छापला गेला १९३८ ला. म्हणजे त्याच्या ९५ वर्षं आधी सांगलीत तो खेळ उभा होता. तेव्हाच्याही शहाण्यासुरत्या लोकांना नाटकाचा नाद वाईटच वाटत होता. प्रत्येक पिढीला आपल्या पोरांचा नाद वाईट वाटतो, हा नियम आहे.

माझा नाद लागला एसटी स्टँडवर. कराडला गाडी बदलायची असायची आणि स्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर दोरीला चिमट्यांनी इंद्रजाल कॉमिक्स लटकवलेली असायची. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये ती मुंबईहून सुरू केली आणि १९९० मध्ये बंद केली. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली अशा भाषांतनं निघायची. त्यात ली फॉकचा फँटम होता, जो मूळ अमेरिकेत १९३६ ला वर्तमानपत्रात सुरू झाला. आपल्याकडं त्याचं नाव झालं वेताळ.

हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला माझा दंडवत. इंग्रजी वाचणाऱ्या पोराला फँटम म्हणजे घट्ट कपडे घातलेला एक गोरा माणूस. आपल्या पोराला वेताळ म्हणजे गावाबाहेरचा शेंदूर फासलेला दगड, भुतांचा राजा, रात्री ज्याच्या वाटेनं जायचं नाही तो. पण गावाचा राखणदारही तोच. कॉमिक्समधला वेताळ जंगलात कवटीच्या गुहेत राहतो, बाप मेला की मुलगा तोच पोशाख घालतो, म्हणून लोकांना वाटतं हा मरतच नाही. एकविसावी पिढी चाललेली असते. आमच्याकडं देवाचं पुजारपणही असंच बापाकडनं मुलाकडं जातं, त्यामुळं आम्हाला त्यात काही परकं वाटलंच नाही. आजीनं एकदा माझ्या हातातलं पुस्तक बघितलं, वरचं नाव वाचून घेतलं आणि म्हणाली, "देवाचं हाय व्हय, मग वाच." त्यानंतर घरात कुणी अडवलं नाही.

हिंदी कॉमिक्सवाल्यांचा नागराज नंतर आला. बत्तीस शिराळ्याकडच्या माझ्या एका दोस्ताला मात्र नागराजचं काही अप्रूप नव्हतं. "आमच्याकडं नागपंचमीला सगळेच नागराज," म्हणायचा. आता न्यायालयाच्या आदेशानं तिथली जिवंत नागांची पूजा थांबली, तो भाग वेगळा.

वेताळापेक्षा मला बहादूर जास्त आवडायचा आणि त्याचं कारण फार उशिरा कळलं. बहादूर म्हणजे आबिद सुरतींनी १९७६ मध्ये लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला अस्सल देशी नायक. कुडता आणि जीन्स. बाप डाकू, पोलिसाच्या गोळीनं मेलेला. त्याच पोलिसानं पोराला वाढवलेलं. हा मोठा होऊन काय करतो? एकटा उडत नाही. गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो आणि दरोडेखोरांशी गावालाच लढायला शिकवतो.

आता ही गोष्ट कुठं ऐकली आहे सांगा. कुंडलच्या माणसाला विचारायची गरजच नाही. सातारा आणि सांगली तेव्हा एकच जिल्हा, दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं सांगली नाव पडलं १९६० ला. त्या जुन्या सातारा जिल्ह्यात १९४३ ते ४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही माणसं, आणि तुफान सेना. इंग्रजांशी लढाई तर होतीच, पण गावगुंड आणि दरोडेखोरांचा बंदोबस्तही त्यांनीच केला, न्यायनिवाडे केले, कमी खर्चाची लग्नं लावली. बहादूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर चंबळ होतं, कुंडल नव्हतं. पण वाचणाऱ्या पोराच्या अंगावर काटा यायचा तो घरात ऐकलेल्या गोष्टींमुळं. बहादूर वाचताना मला चंबळच्या दऱ्या कधी दिसल्याच नाहीत, येरळेकाठचं रान दिसायचं. आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही की पत्री सरकारचा इतिहास मी धड वाचला तो बहादूरमुळं. शाळेच्या पुस्तकात त्याला चार ओळी होत्या.

आता टीव्ही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पुढच्या वर्षी सिंहगडावरनं पुण्याला दिसायला लागलं. आमच्याकडं चित्र कमी आणि मुंग्याच जास्त. एकजण कौलावर चढून अँटेना फिरवणार, दुसरा दारातनं ओरडणार, "आलं... गेलं... थांब थांब!" १९८२ च्या एशियाडला रंग आले आणि १९८४ नंतर देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली तशी आमच्या कौलावरची कसरत संपली.

पण मला सांगायचंय ते बसण्याबद्दल. आमच्या आळीत पहिला टीव्ही एका बऱ्या घरात आला. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं, पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ ला 'महाभारत'. रविवारी सकाळी रस्ते ओस. सगळं गाव एकत्र बसून बघायचं, असं आता लोक डोळ्यांत पाणी आणून लिहितात. मी तिथं होतो. सतरंजीवर कोण, उंबऱ्याला कोण आणि अंगणातनं खिडकीच्या गजाला धरून कोण, हे ठरलेलं होतं. गजाला धरणारी पोरं माझ्याच वर्गात होती. रामानं शबरीची बोरं खाल्ली तो भाग त्यांनी गजातनंच बघितला. कुणी कुणाला काही बोललं नाही, कारण बोलायची पद्धत नव्हती.

पुढं चावडीत ग्रामपंचायतीचा टीव्ही आला, लाकडी पेटीतला, कुलूप लावायचा. त्याची किल्ली एका शिपायाकडं आणि तो माणूस वल्ली होता. जो आधी येईल तो पुढं बसेल, हा त्याचा कायदा. सरपंचाच्या पोरालाही त्यानं एकदा मागं बसवलं. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ मला नागरिकशास्त्रात नाही कळला, त्या पेटीपुढं कळला. कोयनेची वीज मुंबईपर्यंत जायची आणि आमच्याकडं नेमकी ऐन वेळी जायची, तेव्हा अंधारात सगळेच एकदम "अरारारा" करायचे. त्यात मात्र कुणी पुढं-मागं नव्हतं.

'महाभारत'मधले भीष्म, मुकेश खन्ना, १३ सप्टेंबर १९९७ ला शक्तिमान होऊन आले. मी तोवर नोकरीला लागलो होतो, तरी सोडला नाही. गंगाधर म्हणजे सुपरमॅनचा क्लार्क केंटच. चष्मा, वेंधळेपणा, वर्तमानपत्राची नोकरी. पण अंगात शक्ती आली ती परग्रहावरनं नाही, कुंडलिनीतनं. सुरुवातीला शनिवारी असायचा, पोरं शाळा बुडवायला लागली म्हणून पुढं रविवारी आणला. मग बातम्या सुरू झाल्या. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून पोरांनी उड्या मारल्या, पेटवून घेतलं. त्यातल्या किती खऱ्या यावर तेव्हाही वाद झाला. पण प्रत्येक शाळेत, प्रत्येक पालकसभेत तोच विषय. मालिकेत शेवटी पोरांना समजावून सांगायचा भाग असायचा, त्यात शक्तिमान स्वतः सांगायचा, असलं काही करू नका. पोरांनी ऐकलं ते त्याचंच. आमचा धाकटा पुतण्या दात घासायचा तो आईच्या सांगण्यावरनं नाही, शक्तिमानच्या.

मधली वर्षं पटकन सांगतो, कारण ती तुम्हालाही माहीत आहेत. केबल आलं, चॅनेल वाढले, चावडीतला टीव्ही धूळ खात पडला. २०१७ ला 'लागिरं झालं जी' आली तेव्हा मात्र सातारची बोली रोज रात्री महाराष्ट्रभर ऐकू आली आणि फौजेत जाणारा अज्या आमचा नायक झाला, त्याला मुखवटाही लागला नाही. अपशिंगे मिलिटरीच्या माणसाला त्यात नवल काय वाटणार म्हणा. मग मोबाईल आला आणि घरातल्या प्रत्येकाची चावडी वेगळी झाली.

आता २०१९. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. सांगलीत ज्यांनी ते पाणी बघितलं त्यांना मी काय सांगणार. माझी इंद्रजालची ट्रंक तळमजल्यावर होती. लग्नानंतर तीन घरं बदलली, पण ती सोडली नव्हती. पाणी उतरल्यावर उघडली तर आत पुस्तकं नव्हतीच, एक करडा गोळा होता. पण माझी ट्रंक सोडा. दीडशे वर्षांचं सांगली नगर वाचनालय पाण्यात गेलं, हजारो पुस्तकं गेली, आणि त्यासाठी लोक हळहळले, मदत आली, ग्रंथ आले. ते व्हायलाच पाहिजे होतं. कॉमिक्ससाठी कुणी हळहळत नाही. कारण ती कुठल्याही वाचनालयात नव्हतीच! दाखलच करून घेत नाहीत. दूरदर्शनचंही तेच. टेपा महाग, म्हणून जुन्या कार्यक्रमावर नवा छापायचा. कितीतरी मराठी कार्यक्रम असेच पुसले गेले. ज्या गोष्टींनी गावागावांतली दोन पिढ्यांची पोरं वाचायला लागली, त्या गोष्टींची नोंद आपण रद्दीच्या भावानं केली.

म्हणून भोंग्याच्या गावांना, आणि आता तसे ठराव करणाऱ्या बाकीच्या ग्रामपंचायतींना, माझं एक म्हणणं आहे. सात ते साडेआठ टीव्ही बंद, बरोबर. पण त्या दीड तासात समोर फक्त पाठ्यपुस्तक आणि गाईड असेल तर पोरगं साडेआठच्या भोंग्याकडंच कान लावून बसणार. साताऱ्यात भिलार आहे, ४ मे २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव. घराघरांत पुस्तकं, येणाऱ्यानं बसून वाचायचं. भिलारची कपाटं आणि वडगावचा भोंगा या दोन गोष्टी एका तालुक्यात का येऊ नयेत? दीड तासातली वीस मिनिटं चित्रांच्या गोष्टींची ठेवा. फास्टर फेणे ठेवा, चांदोबा ठेवा, वेताळ-बहादूर मिळाले तर तेही ठेवा. आणि कपाट चावडीत ठेवा, कुणाच्या घरात नको. का ते वर लिहिलंय.

पुढच्या ग्रामसभेत आमच्या गावापुरता हा विषय मी लेखी देणार आहे. जुने मराठी इंद्रजाल कुणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीवाल्याला घालण्याआधी एक फोटो इथं कमेंटमध्ये टाका. बहादूरचे सुरुवातीचे मराठी अंक मला २०१९ नंतर अजून एकही बघायला मिळालेला नाही. फाटका असला तरी चालेल. पानं मी चिकटवून घेईन.