चित्रकार्डावरील महापालिका

जर्मनीत स्टुटगार्टनजीकच्या गेर्लिंगेन येथे राहून आम्ही मुंबईच्या सार्वजनिक इमारतींची जुनी चित्रकार्डे जमवितो. वाचकांस नवल वाटेल. पण 1914 च्या महायुद्धापूर्वी अशी पुष्कळ कार्डे जर्मनीतच छापली जात. फार जुन्या कार्डाची पाठ केवळ पत्त्यासाठी असे. म्हणून मजकूर चित्राच्या कडेला दाटीने लिहिलेला आढळतो.

त्यांत बोरीबंदरसमोरील महापालिका आम्हांस विशेष प्रिय. स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत 1893 साली पुरी झाली. जर्मनीने 1933 च्या कायद्याने यहुद्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्यास प्रारंभ केला. आणि 1937 साली मुंबईच्या या इमारतीत आमचे बेने इस्रायल बांधव डॉ. एलिजा मोझेस महापौर झाले. वरळीचा रस्ता त्यांच्याच नावाचा. कोणाच्या पेटीत असे कार्ड असल्यास त्यावर नवे काही लिहू नये. पाठविणाऱ्याचे नाव वेगळ्या चिठ्ठीवर नोंदवावे.