अपघाताची सूचना : कळवण्याचे कर्तव्य आणि न कळवण्याची शिक्षा



औद्योगिक सुरक्षेच्या पेपरात एक छोटा प्रश्न येतो: कारखान्यातील अपघात शासनाला कळवला नाही तर कोणती शिक्षा होते? उत्तर एका वाक्यात लिहिता येते. या पाठात आपण त्या वाक्यामागचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास पाहू. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. निरीक्षकाची चौकशी, नुकसानभरपाई, यंत्रात सुधारणा ही सारी व्यवस्था अपघात कारखान्याबाहेर कळला तरच हलते. कळवण्याचे कर्तव्य हा तिचा पाया आहे, आणि अनेक दशके तोच भाग मोडणे सर्वांत स्वस्त होते.

1. मुंबईच्या गिरण्या

इंग्लंडमध्ये 1844 च्या कायद्याने यंत्रांना कुंपण घालणे आणि अपघात कळवणे या दोन्ही गोष्टी मालकांवर बंधनकारक केल्या. भारतात 1855 च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मृताच्या कुटुंबाला दिवाणी दावा लावण्याची मुभा दिली. पण दोष सिद्ध करण्याचा भार कुटुंबावरच होता. गिरणीतल्या यंत्राला कुंपण होते की नव्हते, हे विधवेने कोर्टात कसे दाखवायचे?

मुंबईत 1875 मध्ये गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्यासाठी प्रयत्न केले. पुढे 1881 मध्ये पहिला भारतीय कारखाने कायदा आला. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या आणि 100 किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. धोकादायक यंत्रांना कुंपण आणि अपघातांची सूचना या तरतुदी त्यात होत्या. मात्र पुष्कळ ठिकाणी तपासणीचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांवरच सोपवलेले होते. ज्याला कळवायचे त्यालाच वेळ नाही, अशी ती स्थिती होती.

कामगारांची बाजू 1884 मध्ये पुढे आली. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. साप्ताहिक सुट्टीची मागणी आपल्याला आठवते, कारण ती 1890 मध्ये पदरात पडली. त्याच निवेदनातली दुसरी मागणी मात्र सहसा सांगितली जात नाही: कामावर जबर दुखापत झालेल्याला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. ही मागणी कायद्यात उतरायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाई अधिनियम 1923 मध्ये झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला.

2. कलम 88 आणि कलम 92

स्वातंत्र्यानंतर कारखाने अधिनियम, 1948 आला. तो 1 एप्रिल 1949 पासून अमलात आला. त्याचे कलम 88 नीट वाचा. अपघातात मृत्यू झाला, किंवा दुखापतीमुळे कामगार 48 तास किंवा त्याहून जास्त काळ काम करू शकला नाही, तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने ताबडतोब सूचना पाठवायची. नंतर त्याला जोड मिळाली. कलम 88-अ प्रमाणे कोणी जखमी झाले नाही तरी विहित धोकादायक घटना कळवायच्या. मृत्यूची सूचना आल्यावर एका महिन्यात चौकशी करायची. कलम 89 मध्ये व्यवसायजन्य रोग येत असत.

शिक्षा कलम 92 मध्ये होती. मूळ कायद्यात ती तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी होती. 1976 मध्ये दंड 2,000 रुपयांपर्यंत गेला. भोपाळच्या वायुकांडानंतर 1987 च्या दुरुस्तीने तो दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा झाला. दोषी धरले जात ते भोगवटादार आणि व्यवस्थापक, दोघेही.

आता मालकाच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. अपघात कळवला तर चौकशी, भरपाई आणि यंत्र दुरुस्तीचा खर्च नक्की. लपवला तर पकडले जाण्याची शक्यता थोडी, आणि पकडले गेले तरी 500 रुपये. हे कायदा करणाऱ्यांच्याही ध्यानात होते. कलम 106 प्रमाणे खटल्यासाठी तीन महिन्यांची मुदत होती, पण ती अपघाताच्या दिवसापासून मोजत नसत. गुन्हा निरीक्षकाला कळला त्या दिवसापासून ती सुरू होई. त्यामुळे नुसते गप्प राहून सुटका होत नसे.

3. भिलाई ते रसमडा

आता हा कायदा एका ठिकाणी ठेवून पाहू. 12 जून 2014 रोजी भिलाई पोलाद कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा जण दगावले. 9 ऑक्टोबर 2018 रोजी तिथेच कोक ओव्हन विभागाच्या गॅसवाहिनीला आग लागून दहाहून अधिक जणांचा बळी गेला. या घटना त्याच दिवशी देशभर कळल्या. अशा अपघाताला लपायला जागाच नसते.

तिथून थोड्याच अंतरावर, दुर्ग आणि राजनांदगावच्या मध्ये, रसमडा हे रेल्वे स्थानक आहे. या बाजूला लोखंड-पोलादाचे लहान-मध्यम कारखाने आहेत. अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत, मग ती रसमड्याची असो की तुमच्या गावाजवळची, एखाद्याचे बोट रोलरमध्ये गेले तर बातमी होत नाही. मृत्यू पोलिसांच्या पंचनाम्यापर्यंत पोहोचतो, तुटलेले बोट पोहोचत नाही. त्याची नोंद सर्वस्वी व्यवस्थापकाच्या सूचनेवर अवलंबून असते.

लपवण्याच्या पद्धती सगळीकडे सारख्याच आहेत. जखमीला दुसऱ्या दिवशी आणून खुर्चीवर बसवायचे आणि हजेरी लावायची, म्हणजे 48 तास भरत नाहीत. किंवा तो ठेकेदाराचा माणूस आहे, मस्टरवर नाव नाही, असे सांगायचे. ज्याची हजेरी नाही त्याचा अपघातही नाही! भिलाईत 1990-91 मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली ठेका कामगारांचे आंदोलन झाले. त्यातली कायम नोकरीची मागणी या दृष्टीने पाहिली तर कागदावर नाव असणे हीसुद्धा एक सुरक्षा आहे, हे ध्यानात येईल.

4. आजची स्थिती

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. अपघात, धोकादायक घटना आणि रोग कळवण्याचे कर्तव्य तिच्या कलम 10, 11 आणि 12 मध्ये आहे. सर्वसाधारण उल्लंघनासाठी दोन ते तीन लाख रुपयांची शास्ती आहे, कारावास नाही. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवला तर मात्र कारावासाची तरतूद आहे, आणि दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. रक्कम वाढली, तुरुंगाची भीती कमी झाली. यातून कळवण्याचे प्रमाण वाढेल का, हे निरीक्षक कारखान्यात किती वेळा पोहोचतो यावरही ठरेल.

हा इतिहास तुम्हाला का शिकायचा? तुमच्यापैकी अनेक जण काही वर्षांत शिफ्टचे प्रमुख किंवा व्यवस्थापक असाल. फलकावर 'अपघातमुक्त दिवस' वाढत असतील आणि एका संध्याकाळी तुम्हाला सांगितले जाईल, "एवढ्याशा जखमेचा कागद कशाला करता?" कायद्याने तो कागद व्यवस्थापकाच्या सहीने जायचा असतो. तो गेला नाही तर जखमीचा हक्क बुडतो आणि त्या यंत्राला कुंपणही लागत नाही. पुढच्या पाळीचा माणूस तिथेच उभा राहणार असतो.

विचारासाठी प्रश्न

1. 48 तासांची अट का घातली असावी? तिचा गैरवापर कसा थांबवता येईल?
2. कमी पण खात्रीचा दंड आणि जबर पण क्वचित होणारी शिक्षा, यांपैकी अपघात कळवण्यास कशाने भाग पडेल?
3. तुमच्या जवळच्या औद्योगिक वसाहतीत अपघाताची सूचना कोणत्या कार्यालयाकडे जाते, ते शोधून लिहा.