हैदराबादचे पहिले महापौर आणि आपली एक जुनी चूक

हिंगोलीच्या माणसाला महापौर म्हटले की नांदेड किंवा परभणी आठवते. आपल्या गावाला नगराध्यक्ष असतो, महापौर नाही. पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. हिंगोली, वसमत, कळमनुरी हे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले भाग. वरचे कोर्ट हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला. त्या राजधानीचे पहिले महापौर होते माडपाटी हनुमंतराव. तेलुगू मुलखात त्यांना 'आंध्र पितामह' म्हणतात. आपल्याकडे दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाची नावे घेतली जातात, त्यांत हे नाव सहसा नसते. वास्तविक त्यांच्या आयुष्याला जी कलाटणी मिळाली, तिच्याशी आपला थेट संबंध आहे. तो फारसा अभिमानाचा नाही, म्हणूनच तो सांगितला पाहिजे.

हनुमंतरावांचा जन्म १८८५ साली कृष्णा जिल्ह्यातला, म्हणजे ब्रिटिश हद्दीतला. वडील लवकर गेले, तेव्हा निजामाच्या हद्दीतील सूर्यापेटला मामांकडे ते वाढले. हनमकोंड्याला शिक्षण खात्यात कारकुनी केली, वकिलीची परीक्षा दिली आणि हैदराबादेत वकिली सुरू केली. तेलुगू, संस्कृत, उर्दू, फारसी या भाषा त्यांना अवगत होत्या. प्रेमचंदांच्या कथा त्यांनी तेलुगूत नेल्या. दरबारी उर्दू ज्याला उत्तम येते, असा हा माणूस. त्याला भाषेचा न्यूनगंड असण्याचे कारण नव्हते.

नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादच्या विवेकवर्धिनी संस्थेच्या नाट्यगृहात संस्थानातील सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. विवेकवर्धिनी ही राजधानीतील मराठी माणसांची शाळा. तिच्या उभारणीत पुढाकार घेणारे केशवराव कोरटकर हे वसमत तालुक्यातील पुरजळचे, म्हणजे आजच्या आपल्याच जिल्ह्यातले. परिषदेत भाषणे उर्दू, इंग्रजी, मराठीत चालू होती. आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे तेलुगू वकील उठले आणि आपल्या भाषेत बोलू लागले. श्रोत्यांत मराठी मंडळींचा भरणा होता. त्यांनी टाळ्या पिटून, हुर्यो उडवून वकिलांना बोलणे अशक्य केले.

संस्थानात तेलुगू बोलणारे सर्वांत जास्त होते. मराठी त्यांच्या खालोखाल. दोन्ही भाषांना दप्तरात सारखीच किंमत होती, म्हणजे जवळपास शून्य. कारभार उर्दूत, उस्मानियाचे शिक्षण उर्दूत. ज्यांची स्वतःची भाषा कचेरीच्या उंबरठ्याबाहेर उभी होती, त्यांनी दुसऱ्या तशाच भाषेला सभागृहाबाहेर काढले. तेही सुधारणा परिषदेत!

त्याच रात्री अकरा तेलुगू गृहस्थ एका घरी जमले आणि त्यांनी 'आंध्र जनसंघ' स्थापन केला. त्यांत हनुमंतराव होते. पुणे-मुंबईत शिकलेले, पुढे हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झालेले बुर्गुल रामकृष्णराव हेही होते. या मंडळींनी मराठ्यांविरुद्ध मोर्चा काढला नाही. त्यांनी गावोगाव वाचनालये काढली, तेलुगू शाळांची मागणी केली, वेठबिगारीविरुद्ध प्रचार केला. याच कामातून आंध्र महासभा उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेठेला झाले. आपली महाराष्ट्र परिषद परतूरला भरली ती १९३७ साली, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली. भाषेच्या आधारे लोकांना एकत्र आणून राजकीय हक्कांपर्यंत न्यायचे, ही वाट तेलुगू बांधवांनी आपल्या आधी सात वर्षे चोखाळली होती.

हनुमंतरावांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणजे नारायणगुड्याची मुलींची शाळा. ती १९२८ साली सुरू झाली, माध्यम तेलुगू. मुली वरच्या वर्गात गेल्या, तेव्हा प्रश्न आला तो मान्यतेचा. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ तेलुगूतल्या परीक्षेला मान्यता देईना. ही अडचण सोडवली ती पुण्याच्या महिला विद्यापीठाने, म्हणजे कर्व्यांच्याच संस्थेने. ज्यांच्या अध्यक्षतेखालील सभेत तेलुगूची हुर्यो उडाली, त्यांच्याच विद्यापीठाने तेलुगू मुलींना परीक्षेचे दार उघडले. हनुमंतरावांनीही जुना राग मनात धरून पुण्याकडे पाठ फिरवली नाही. मला या दोघांचा मोठेपणा इथे दिसतो.

पोलीस कारवाईनंतर १९५० साली नवा महानगरपालिका कायदा आला, निवडणूक झाली आणि १९५१ मध्ये हनुमंतराव महापौर झाले. १९५४ पर्यंत ते त्या पदावर होते. शहर उर्दू, तेलुगू, मराठी, कानडी अशा सगळ्यांचे होते. निजामाच्या मर्जीवर चालत आलेल्या शहरात लोकांनी निवडलेल्या कारभाराचा पाया घालायचा होता. त्यातच सप्टेंबर १९५२ मध्ये मुलकी-गैरमुलकी आंदोलन पेटले. गोळीबारात माणसे दगावली. आपला कोण आणि बाहेरचा कोण, हा प्रश्न रस्त्यावर आला होता. आणि महापौर स्वतः जन्माने संस्थानाबाहेरचे! कोणत्याही एका भाषेच्या किंवा मुलखाच्या चौकटीत न मावणारा माणूस त्या वेळी शहराच्या प्रमुखपदी होता.

१९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे ते आंध्र प्रदेश विधान परिषदेचे सभापती झाले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर मराठवाडा महाराष्ट्रात येऊन बरीच वर्षे लोटली होती आणि आपण हैदराबादकडे पाहणे जवळपास सोडून दिले होते.

मराठवाड्याचा इतिहास लिहिताना आपण आपल्यावर झालेल्या अन्यायांची यादी काटेकोर ठेवतो. ती ठेवलीच पाहिजे. पण त्या वहीत १९२१ च्या सभेचेही एक पान असावे. आज आपल्याच जिल्ह्यात घरी बंजारा किंवा आंध बोली बोलणारी मुले मराठी शाळेत येऊन बसतात. त्यांच्यापैकी एखादे उठून आपल्या बोलीत चार वाक्ये बोलले, तर वर्ग हसतो की ऐकतो? विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात आपण कसे वागलो हे ठाऊक असेल, तर निदान गुरुजी तरी वर्गाला हसू देणार नाहीत.