लुना ते ई-लुना : नगरच्या दुचाकी उद्योगाचे अर्धशतक

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचा विचार सामान्यतः सहकारी साखर कारखानदारीपासून सुरू होतो, आणि १९५० साली प्रवरानगरला सुरू झालेल्या कारखान्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाला दिलेले वळण पाहता ते योग्यच आहे. परंतु याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या नगरमध्ये, नगर-दौंड रस्त्यावर, त्यानंतर दोन दशकांनी उभा राहिलेला एक कारखाना देशाच्या दळणवळणाच्या इतिहासात तितक्याच आदराने नोंदला जावा असा आहे. कायनेटिक इंजिनिअरिंग हे त्याचे नाव आणि लुना हे त्याचे पहिले मोठे उत्पादन. आज त्याच उद्योगसमूहाची विजेवर चालणारी वाहने बाजारात येत असल्यामुळे दुचाकींचे चाहते आणि समभागधारक नव्या गाडीची किंमत, तिचा पल्ला आणि कारखान्याची क्षमता यांची चर्चा करीत असतात. ही चर्चा भविष्याविषयी असली तरी तिच्यातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे नगरच्या गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवात सापडतात.

नगरला धातुकाम आणि यंत्रकाम नवीन नव्हते. विजापूरच्या तटावर आज दिसणारी मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ साली निजामशाहीच्या काळात अहमदनगर येथेच ओतली गेली होती. ब्रिटिश काळात भिंगारची लष्करी छावणी वाढली, दौंड-मनमाड लोहमार्गामुळे शहर उत्तर आणि दक्षिणेकडील मुख्य मार्गांशी जोडले गेले, आणि स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व संरक्षण संशोधन संस्थेची वाहन प्रयोगशाळा येथे असल्यामुळे मोटारगाडीचे यंत्र समजणारा एक वर्ग शहरात तयार झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली एमआयडीसी, स्थापन झाल्यानंतर मुंबई-पुण्याबाहेर उद्योग नेण्याच्या धोरणाला बळ मिळाले. नगरमध्ये विजेच्या मोटारी आणि स्विचगिअर, म्हणजे वीजप्रवाह नियंत्रित करणारी उपकरणे, बनवणारे मोठे कारखाने आले. मात्र दुचाकी उद्योग येथे येण्यास धोरणाइतकेच एका घराण्याचे या शहराशी असलेले नातेही कारणीभूत ठरले.

नगरचे वकील कुंदनमल सोभाचंद फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र नवलमल यांनी वाहन उद्योगात पाऊल टाकले, तीन चाकी ऑटोरिक्षा भारतात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीशी, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सशी, त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. दुसरे पुत्र हस्तीमल, म्हणजे उद्योगजगतात एच. के. फिरोदिया या नावाने ओळखले जाणारे गृहस्थ, यांनी १९७० साली कायनेटिक इंजिनिअरिंगची स्थापना केली. पुढे त्यांचे पुत्र अरुण फिरोदिया यांनी या उद्योगाची धुरा वाहिली आणि त्यांना २०१२ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. राजकारण, सार्वजनिक कार्य आणि कारखानदारी या तिन्ही क्षेत्रांत वावरलेल्या या घराण्याने आपला कारखाना आपल्याच गावाजवळ काढला, ही गोष्ट पुढील सर्व घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

लुना १९७२ साली बाजारात आली तेव्हा भारतातील दुचाकी बाजार टंचाईचा होता. कोणत्या कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत असे, आणि स्कूटरचे वाटप नियंत्रित करणारा आदेश १९६० पासून लागू होता. अनामत भरून नाव नोंदवलेल्या ग्राहकाला स्कूटर मिळायला कित्येक वर्षे लागत, आणि हाती आलेली स्कूटर मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकली जाई. अशा परिस्थितीत स्कूटर न परवडणाऱ्या आणि सायकलवर भागवणे कठीण झालेल्या मोठ्या वर्गासाठी मोपेड, म्हणजे पायडल आणि लहान इंजिन दोन्ही असलेले वाहन, हा मधला मार्ग होता. लुनाचा आराखडा इटलीतील पियाज्जो कंपनीच्या चाओ या मोपेडवर आधारलेला होता. ती मोपेड युरोपात १९६७ पासून विकली जात होती. नगरमध्ये मात्र तिला वेगळ्या रस्त्यांसाठी आणि वेगळ्या ओझ्यासाठी तयार व्हावे लागले.

लुनाचे यंत्र समजून घेतले की तिच्या लोकप्रियतेचे कारण कळते. तिचे इंजिन सुमारे ५० सीसीचे, म्हणजे ५० घनसेंटिमीटर क्षमतेच्या एकाच सिलिंडरचे आणि टू-स्ट्रोक पद्धतीचे होते. टू-स्ट्रोक म्हणजे दट्ट्याच्या दोनच फेऱ्यांत इंधन जाळण्याचे पूर्ण चक्र उरकणारे इंजिन. त्यात झडपांची गुंतागुंत नसते, त्यामुळे ते हलके, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे असते, परंतु वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि धूर अधिक होतो. गाडी स्टँडवर लावून पायडल मारले की इंजिन सुरू होई. गिअर बदलण्याची गरज नव्हती, कारण इंजिनाची गती वाढली की केंद्रोत्सारी बलाने आपोआप जुळणारा क्लच चाकाला गती देई. चढावर इंजिन दमले तर पायडल मारून त्याला हातभार लावता येई, आणि पेट्रोल संपले तर सायकलप्रमाणे घर गाठता येई. ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगवर काजळी बसली तर तो पान्याने काढून, सँडपेपरने घासून पुन्हा बसवणे हे काम बहुतेक मालक स्वतःच करीत. गावातला सायकल दुरुस्त करणारा कारागीरही जिच्यावर हात चालवू शकेल अशी ती गाडी होती.

या सोपेपणामुळे लुनाचा ग्राहकवर्ग फार विस्तृत झाला. शिक्षक, कारकून, टपाल कर्मचारी, दूध घालणारे, फिरते विक्रेते आणि गिअरची स्कूटर चालवण्यास बिचकणाऱ्या अनेक स्त्रिया यांच्या हाती प्रथमच स्वतःचे यांत्रिक वाहन आले. मागच्या कॅरिअरला दुधाचे कॅन आणि पुढे पोते असे दृश्य महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत सर्वत्र दिसे. १९८० च्या दशकात पीयूष पांडे यांनी लिहिलेल्या जाहिरातीमुळे ही गाडी हिंदी पट्ट्यातही घराघरांत पोहोचली, आणि बोलीभाषेत कोणत्याही मोपेडला लुना म्हणण्याचा प्रघात पडला. या यशाची कारखान्यातील बाजू कमी दिसत असली तरी अधिक टिकाऊ ठरली. नळ्या वाकवणे, त्यांना ठरावीक कोनात पकडून ठेवणाऱ्या साच्यात, म्हणजे जिगमध्ये, बसवून जोडकाम करणे, दातेरी चक्रे कापणे आणि त्यांना उष्णसंस्कार देणे ही कौशल्ये रोजच्या उत्पादनातून कामगारांच्या हातात उतरली.

१९८४ साली जपानच्या होंडा कंपनीशी भागीदारी करून कायनेटिक होंडा ही स्वतंत्र कंपनी निघाली. तिची ९८ सीसीची स्कूटर बटण दाबून सुरू होई आणि तिला गिअर नव्हते. पट्टा व बदलत्या व्यासाच्या पुलीद्वारे वेगाचे प्रमाण आपोआप बदलणारी व्हेरिओमॅटिक यंत्रणा तिच्यात होती. बटणस्टार्ट आणि गिअररहित चालन एकत्र देणारी ती भारतातील पहिली स्कूटर मानली जाते. तिचा कारखाना मात्र मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे होता, त्यामुळे समूहाचे सर्वांत प्रतिष्ठित उत्पादन नगरबाहेर तयार होऊ लागले. त्याच सुमारास जपानी सहकार्याने आलेल्या चार-स्ट्रोक व १०० सीसीच्या मोटारसायकलींनी मध्यमवर्गाची निवड बदलली, आणि मोपेडच्या क्षेत्रात १९८० पासून तमिळनाडूतील टीव्हीएस कंपनीची स्पर्धा उभी राहिली.

होंडाने १९९८ साली भागीदारीतून अंग काढून घेतले आणि फिरोदियांनी कंपनी स्वतःकडे घेतली. त्यानंतर काही वर्षांतच होंडाने स्वतंत्रपणे आणलेल्या अ‍ॅक्टिव्हाने गिअररहित स्कूटरचा बाजार व्यापला. प्रदूषणाचे नियम कडक होत गेल्याने टू-स्ट्रोक इंजिनांची वाट बिकट झाली आणि लुनाचे उत्पादन थांबले. २००८ साली स्कूटरचा व्यवसाय महिंद्र समूहाकडे गेला. ग्राहकाच्या दृष्टीने कायनेटिक हे नाव येथे संपले. परंतु नगरचा कारखाना बंद पडला नाही. तो गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि इतर सुटे भाग बनवून अन्य वाहन कंपन्यांना पुरवू लागला. स्वतःच्या नावाची गाडी विकणारा कारखाना दुसऱ्याच्या गाडीचे भाग बनवू लागणे ही बाहेरून उतरती कळा वाटते. नगरच्या बाबतीत याच काळाने कामगार, यंत्रे आणि कौशल्य जिवंत ठेवले, आणि पुढील पुनरागमनाचा पाया तोच ठरला.

विद्युत वाहनांकडे समूहाची वाटचाल तीन चाकांपासून झाली. सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या नेतृत्वाखालील कायनेटिक ग्रीन या कंपनीने २०१६ च्या सुमारास ई-रिक्षा बाजारात आणल्या. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते ई-लुनाचे अनावरण झाले. तिची प्रारंभिक किंमत ६९,९९० रुपये होती आणि नोंदणी ५०० रुपयांत सुरू झाली होती. २ किलोवॅट-तास क्षमतेची लिथियम बॅटरी, एका भारणात सुमारे ११० किलोमीटरचा घोषित पल्ला, ताशी ५० किलोमीटरचा कमाल वेग आणि १५० किलोपर्यंत भार वाहण्याची क्षमता हे तिचे मुख्य गुण सांगितले गेले. किलोवॅट-तास हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप आहे, घरच्या वीजबिलातील एका युनिटाइतके. म्हणजे दोन-अडीच युनिट विजेत दिवसभराची फेरी व्हावी, असा या गाडीमागचा हिशेब आहे. पायडल गेले, परंतु पुढे सामान ठेवण्याची मोकळी जागा आणि नळ्यांचा मजबूत सांगाडा हे लुनाचे मूळ लक्षण टिकले. या गाडीचा सांगाडा आणि अन्य मुख्य लोखंडी भाग कायनेटिक इंजिनिअरिंगच्या नगर येथील कारखान्यात बनतात.

येथे गुंतवणूकदारांनी एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. ई-लुना विकणारी कायनेटिक ग्रीन ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी नाही. तिला २०२४ साली ग्रेटर पॅसिफिक कॅपिटल या संस्थेकडून अडीच कोटी डॉलरचे भांडवल मिळाले. मुंबई शेअर बाजारात ज्या समभागांची खरेदी-विक्री होते ती कंपनी कायनेटिक इंजिनिअरिंग आहे, आणि ई-लुनाच्या यशात तिचा थेट वाटा भागपुरवठ्याचा आहे. तिची स्वतःची गाडी जुलै २०२५ मध्ये आली. अजिंक्य फिरोदिया यांच्या नेतृत्वाखाली कायनेटिक वॉट्स अँड व्होल्ट्स या उपकंपनीने कायनेटिक डीएक्स ही विजेची स्कूटर सुमारे १ लाख ११ हजार रुपयांना सादर केली आणि तिचे उत्पादन अहिल्यानगरमध्ये ठेवले. जुन्या कायनेटिक होंडाची आठवण जागवणारी ही गाडी पीथमपूरला गेलेले नाव पुन्हा नगरला घेऊन आली. दोन्ही कंपन्यांच्या नावात एकच शब्द असल्यामुळे एकीच्या बातमीवर दुसरीचे मूल्य ठरवण्याची चूक सहज होऊ शकते.

या नव्या गाड्यांचा विचार करताना तीन मुद्दे पाहावे लागतात. पहिला मुद्दा बॅटरीचा. डीएक्समध्ये एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट या रसायनाची २.६ किलोवॅट-तासाची बॅटरी आहे. हे रसायन तुलनेने कमी ऊर्जा साठवते, परंतु उष्णतेला अधिक सोशिक असते आणि अधिक वेळा भारता येते. २०२२ साली देशात विद्युत दुचाकींना आगी लागल्याच्या घटना घडल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे मानक कडक झाले, त्यामुळे या निवडीला विशेष अर्थ आहे. दुसरा मुद्दा अनुदानाचा. फेम-२ या केंद्रीय योजनेतील अनुदान जून २०२३ मध्ये किलोवॅट-तासामागे १५,००० रुपयांवरून १०,००० रुपयांवर आले आणि ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ते सुरुवातीला ५,००० रुपये होते. तिसरा मुद्दा कच्च्या मालाचा. बॅटरीतील घट, म्हणजे सेल, आणि मोटारीतील चुंबकासाठी लागणारी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये यांसाठी भारतीय उद्योग मुख्यतः चीनवर अवलंबून आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर त्याची झळ देशभरातील वाहन उत्पादकांना बसली. परवानाराजात कारखान्याची मर्यादा सरकारी कागदाने ठरत असे. आज ती मोठ्या प्रमाणात परदेशातून येणाऱ्या सुट्या भागांनी ठरते.

नगरच्या या इतिहासातून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. लुनाचे नाव बाजारातून गेले तेव्हा कारखाना राहिला, आणि कारखाना राहिला म्हणूनच ते नाव परत येऊ शकले. नव्या गाडीच्या अनावरणाला किती गर्दी झाली, किती नोंदण्या झाल्या किंवा समभाग त्या दिवशी किती चढला, यांवरून या उद्योगाचे भवितव्य कळणार नाही. गाडीचा किती भाग येथे बनतो, मोटार व नियंत्रक यांचे ज्ञान येथील अभियंत्यांच्या हाती कितपत येते, आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या नगरच्या मुलामुलींना या कामाचे शिक्षण मिळते की नाही, आणि तालुक्याच्या गावातल्या कारागिराला ही गाडी दुरुस्त करता येते की नाही, हे प्रश्न चाहत्यांनी आणि गुंतवणूकदारांनी वारंवार विचारले पाहिजेत. १९७२ ची लुना या कसोट्यांवर उतरली होती. तिच्या वारसदारांनाही याच कसोट्या लावल्या जाव्यात.