सहाशे स्वारांच्या बदल्यात

हिंगोली शहरात रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे आजही चालू आहेत. निजामाच्या राज्यात इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, तिची ही खूण. रिसाला म्हणजे घोडेस्वार. अशा घोडेस्वारांचा एक विचित्र सौदा युरोपात झाला होता. १७१७ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्टस याने आपले सहाशे स्वार प्रशियाच्या राजाला देऊन टाकले आणि बदल्यात चिनी मातीची १५१ भांडी घेतली. ती माणसे भांड्यांच्या मोलाने गेली, हे वाचताना आजही जीव कळवळतो.

चिनी मातीच्या या वेडापायी आणखी एक जण भरडला गेला. योहान बोट्गर हा पोरसवदा औषधविक्या सोने करून दाखवतो म्हणाला, आणि ऑगस्टसने १७०१ पासून त्याला कैदेत ठेवले. सोने काही झाले नाही. चिर्नहाउस या विद्वानाने त्याला मातीच्या प्रयोगांना जुंपले. चहाबरोबर चीनमधून यीशिंगच्या लाल मातीच्या छोट्या चहादाण्या युरोपात येत असत. बोट्गरला आधी तशी लाल, टणक माती साधली, मग पांढरी. १७१० मध्ये सॅक्सनीतल्या माइसनच्या किल्ल्यात कारखाना बसला. किल्ला निवडला तो गुपित बाहेर जाऊ नये म्हणून.

ते गुपित मातीत आणि आगीत होते. केओलिन ही पांढरी माती भट्टीत आकार धरून ठेवते. तिच्यात मिसळलेला दगड वितळून कणांमधल्या फटी भरून काढतो. सुरुवातीला हा दगड चुन्याच्या अंशाचा असे, पुढे फेल्डस्पार आला. आच सुमारे चौदाशे अंशांची. एवढ्या आचेत भांडे साधारण एक षष्ठांशाने आकसते, म्हणून कच्चे भांडे त्या मानाने मोठेच घडवावे लागते. चहादाणीत खरी कसोटी जोडकामाची. पोट, तोटी आणि कान वेगवेगळे घडवून ओल्या मातीच्या पातळ लगद्याने चिकटवायचे. तोटी बसवण्याआधी पोटाच्या भिंतीला बारीक भोके पाडायची, म्हणजे चहाची पाने आतच अडकतात. सुकताना एक भाग दुसऱ्याच्या आधी आकसला की सांधा तडकतो. भाजून, झिलई देऊन झाल्यावर रंग आणि सोन्याच्या रेघा चढतात. त्यांना पुन्हा मंद आच लागते.

बोट्गरची सुटका १७१४ मध्ये झाली, १७१९ मध्ये तो वारला; वय अवघे सदतीस. तोवर माइसनचा एक कारागीर पळून व्हिएन्नाला पोचला होता आणि तिथेही पोर्सेलिन, म्हणजे चिनी माती, होऊ लागले होते. एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची निळी खूण माइसनने १७२२ च्या सुमारास घेतली. तिची नक्कल इतकी झाली आहे, की केवळ ती पाहून जुन्या भांड्यावर विश्वास ठेवू नये.

हिंगोली ज्या राज्यात होती, त्याच्या राजधानीत सालारजंग तिसरे, मीर युसूफ अली खान यांनी अशी भांडी आयुष्यभर जमवली. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय १९५१ मध्ये उघडले. तिथल्या युरोपीय पोर्सेलिनच्या दालनात ही भांडी मांडलेली आहेत. तिथे गेलात तर तोटी पोटाला जिथे मिळते, तो सांधा जरूर न्याहाळा.